न अडकलेल्या महेशची सुटका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा ओतेपर्यंत. एकदा मी सांगायला लागले की मध्ये कोणी हसलेलं मला खपत नाही. निदान या बाबतीत तरी नाही!

तर मी एका माणसाची परदेशातून सुटका केली. दूतावास, परराष्ट्र मंत्रालय, थेट लोकसभा, सगळं हलवून केली. तुम्ही म्हणाल, वा, मग यात तोंड लपवण्यासारखं काय आहे?

त्या माणसाला कोणी अडकवलेलंच नव्हतं!

बघा, हसलात. सांगितलं होतं ना?

मी रत्नागिरीत आमच्या खासदारांच्या संपर्क कार्यालयात काम करते. खासदार म्हणजे आमच्या ताई. शेंबड्या पोरापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात. अधिवेशन सुरू झालं की ताई दिल्लीत, आणि इथलं राज्य आम्हा दोघांचं. एक मी आणि दुसरे नाना. नाना म्हणजे निवृत्त हेडमास्तर. मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, त्यामुळे लोकशाही कशी चालते हे मला तोंडपाठ. नानांच्या मते लोकशाही चालत नाही, ती बसते. खुर्चीवर बसते, पाणी पिते, चहा पिते, आणि मग कधीतरी तोंड उघडते.

आणि खरं सांगू? आमच्याकडे येणारी म्हातारी माणसं अगदी तशीच! खासदाराकडे कोण काय घेऊन येईल याचा नेम नसतो. कुणाला एक्स्प्रेसचा थांबा हवा, कुणाचा पासपोर्ट रखडलेला, कुणाच्या घरासमोर हायवेवाल्यांनी खड्डा खणून ठेवलेला. एक आजोबा तर शेजाऱ्याचा फणस आपल्या कुंपणात वाकतो म्हणून आले होते. म्हटलं, आजोबा, यावर संसदेत कायदा करायचा का? तर म्हणतात, "झाला तर बराच."

पण यांच्यातला एकही जण आल्या आल्या कामाचं बोलेल तर शपथ! आधी घाम पुसायचा. मग, "कुणाची गो तू?" मग माझं गाव, माझं आजोळ, माझ्या आजोळच्या विहिरीला पाणी किती, हे सगळं निघणार. मग त्यांच्या सुनेचं बाळंतपण. मग, "बरं, येतो हां," असं म्हणून उठणार, दारात जाणार, एक पाय चपलेत घालणार, आणि वळून म्हणणार, "हां, एक सांगायचं ऱ्हायलं..."

ते राहिलेलं म्हणजे खरं काम! ज्याच्यासाठी दोन एसट्या बदलून आलेले असतात ते!

नाना त्या चपलेपर्यंत शांतपणे थांबतात. "आपल्याकडे मागायची लाज वाटते गो माणसांना," म्हणतात. "पाय घराकडे वळला की जीभ सुटते." माझ्याच्याने नाही होत. माझ्या अंगाची नुसती आग आग होते. मी आपली सरळ विचारते, काम काय?

तर फेब्रुवारीतल्या एका दुपारी वत्सलाकाकी आल्या.

पालीच्या पुढे आत डोंगरात त्यांची वाडी आहे. सत्तरीच्या घरातल्या, काटक, नऊवारी घट्ट नेसलेल्या. हातातल्या पिशवीतून आमसुलांची पुडी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"कुणाची गो तू, बाय?"

"ताईंच्या ऑफिसची. काकी, काम काय ते सांगा."

"सांगत्ये गो. बसू तर दे. लगीन झालं काय तुझं?"

"काकी!"

"बरं ऱ्हायलं." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "माझा महेश आखातात आसतो. हाटेलात. स्वयपाकघर त्याच्याच हातात हाय सगळं."

"बरं, मग?"

"शिमगो आला आता."

"हो, आला. मग?"

"देवाची पालखी येते ना दारात. महेश नाय येत. त्याचा बापूस गेला, त्याच्यानंतर एकदाही आला नाय."

"का येत नाही?"

काकींनी आमसुलांच्या पुडीची गाठ उगीचच पुन्हा आवळली. खाली बघत म्हणाल्या, "मालक सोडत नाय म्हणतो. पासपोर्ट मालकाकडं आसतो म्हणतो."

झालं! माझ्या डोक्यात धोक्याची घंटाच वाजली हो! पासपोर्ट काढून घेतलाय! घरी सोडत नाहीत! आम्ही कॉलेजात यावर अख्खं एक चर्चासत्र घेतलं होतं. सूत्रसंचालन माझं होतं!

"मारतात का त्याला?"

"कोण?" काकी दचकल्या.

"जेवायला देतात?"

"अगो, तोच करतो जेवण. तर मी काय म्हणत्ये, बाय..."

"तुम्ही काही म्हणू नका, काकी. मला सगळं समजलंय!"

पलीकडून नानांनी चष्मा खाली केला. "सायली, तिला बोलू दे."

"नाना, तिकडे माणूस कोंडून घातलाय आणि तुम्हाला बोलणं सुचतंय?"

"कोंडून घातलाय असं कुठे म्हणाली ती?"

"आई आहे ती! असं तोंडाने म्हणेल का?"

मी काकींकडून हॉटेलचं नाव घेतलं, महेशचं पूर्ण नाव घेतलं, आणि त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही निश्चिंत घरी जा." काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. दारात गेल्या. एक पाय चपलेत घातला आणि वळल्या.

"बाय, आमच्या वाडीत ते..."

मी तोपर्यंत दिल्लीला फोन लावलेला होता. एका हाताने कानाशी फोन, दुसऱ्या हाताने त्यांना खूण केली, झालं, झालं, झालं तुमचं काम! काकी दुसरी चप्पल घालून गेल्या.

नाना नुसते दाराकडे बघत राहिले. मला वाटलं, वय झालं आता नानांचं.

आता तुमच्या मनात आलंच असेल की बये, त्या महेशला आधी एक फोन का नाही केलास? नानाही हेच म्हणाले. पण मी कुठेतरी वाचलं होतं की अशा माणसांचे फोन मालक चोरून ऐकतात. म्हणजे मी फोन करणार आणि त्या बिचाऱ्याच्या पाठीवर वळ उठणार! छे! मी असला धोका पत्करणार नव्हते. केवढी ती माझी दूरदृष्टी!

ताईंनी फोनवर विचारलं, "खात्री करून घेतलीस ना?"

"ताई, आई स्वतः येऊन गेली. डोळे पुसत होती."

कपाळ पुसत होती. पण फोनवर सांगताना जरा खाली सरकलं.

ताई म्हणजे मनाच्या फार हळव्या. त्यांनी मंत्रालयाला कळवलं, दूतावासाला कळवलं, आणि एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण लोकसभेत शून्य प्रहरात, म्हणजे खासदारांना तातडीचा विषय मांडायला मिळतो त्या वेळात, त्या उभ्या राहिल्या. "माझ्या मतदारसंघातली एक आई शिमग्याला दार उघडं ठेवून मुलाची वाट बघते आहे..." अहो, काय बोलल्या! मी इथे टीव्हीसमोर ढसाढसा रडले. नानांनीसुद्धा नाक शिंकरलं. नंतर सर्दी आहे म्हणाले, पण मी ओळखते ना.

मग मी ते भाषण कापून, त्याला मागे बासरी लावून, सगळीकडे पाठवून दिलं.

बासरी लावायला नको होती. बासरीने घात केला. संध्याकाळपर्यंत ते भाषण जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये वाजत होतं. दुसऱ्या दिवशी पालीच्या नाक्यावर बॅनर लागला, "महेशला परत आणा!" त्यावर सगळ्या स्थानिक पुढाऱ्यांचे हसरे फोटो आणि कोपऱ्यात महेश. महेशचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून कुणीतरी त्याचा शाळेतला शोधून काढला. तेल लावून भांग पाडलेला, गणवेशातला, आठवीतला महेश!

झालं, लोकांना वाटलं शाळेतलं पोर पळवलंय. मी बाजारात गेले तर मासळीवाली कोयता खाली ठेवून म्हणाली, "एवढंसं लेकरू! मेल्यांनो, त्याची परीक्षा तरी होऊ द्यायची होती!"

मी काय सांगणार? म्हटलं, "होईल, होईल. सुटका होईल."

आणि चौथ्या की पाचव्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. परदेशातला नंबर.

"नमस्कार. मी महेश बोलतोय."

 मी कुजबुजतच म्हटलं, "महेश, घाबरू नका. फक्त हो किंवा नाही म्हणा. मालक आसपास आहे का?"

"हो. हा काय समोर बसलाय."

"तुम्हाला बोलू देतोय?"

"त्याला कुठलं भान! रडतोय तो."

"कोण रडतोय?"

"मालक!"

मी खुर्चीत बसले. नानांनी न विचारता पाण्याचा ग्लास सरकवला.

"मॅडम," महेश म्हणाला, "सकाळी दूतावासाची दोन माणसं आली. मी कांदा परतत होतो. मला म्हणतात, कैदी कुठे आहे? मी म्हटलं, कसला कैदी? तर म्हणतात, महेश. मी म्हटलं, महेश तर मीच. तर त्यांनी माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि मला म्हणाले, आता तुम्ही सुरक्षित आहात!"

"पण तुमचा पासपोर्ट?"

"माझ्या ट्रंकेत आहे."

"मालकाने काढून घेतला नाही?"

"त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, माझा पासपोर्ट कुठे सांभाळतोय! ट्रंकेत आईने शिवलेली गोधडी आहे, तिच्या घडीत ठेवलाय मी." थोडा थांबून तो म्हणाला, "मॅडम, मला धरून ठेवलंय असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुमच्या आईने!"

तिकडे मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि बहुतेक मालकाचाही.

"आईला मीच सांगितलं होतं तसं," महेश अगदी हळू म्हणाला. "मालक सोडत नाही म्हणून."

"म्हणजे खोटं?"

"हो."

"का?" माझा आवाज असा काही चढला की नानांनी खिडकी लावून घेतली. "ती बाई एकटी राहते! कशासाठी खोटं बोलता तुम्ही?"

"ते नाही सांगता यायचं मला." आणि मग एकदम चिडून, "पण आता काय उपयोग? मालक म्हणतो, अख्खी दुनिया मला जेलर समजायला लागली, तू उद्याच्या उद्या घरी जा. मी म्हटलं, नाही जात. तर गुरुवारचं मिळालं ते तिकीट काढून आणलंय त्याने, आणि माझी बॅग स्वतः भरतोय! मॅडम, तुम्ही मला सोडवलेलं नाही. तुम्ही मला हाकलून दिलंय!"

फोन ठेवला त्याने.

मी नानांकडे बघितलं. नाना छताकडे बघत होते. हसू दाबायला माणूस छताकडे बघतो, हे मला तेव्हा कळलं.

पण खरा प्रश्न पुढेच होता. ताईंना कोण सांगणार? मी म्हटलं, नाना, तुम्ही वडीलधारे. नाना म्हणाले, "वडीलधाऱ्यांचं तू कधी ऐकतेस?"

लावला मीच फोन. सगळं सांगितलं. मग श्वास घ्यायला थांबले. 

"ताई?"

"सायली, सभागृहात बोललेलं कायमचं नोंदलं जातं. माझी पतवंडंसुद्धा वाचतील ते."

"मी राजीनामा देते, ताई."

"तुझ्या राजीनाम्याचं काय लोणचं घालू?" ताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "ते मी निस्तरते. मंत्रालयात सांगते खरं काय ते, त्या मालकाची माफीही मागते. पण मला एक सांग, त्या काकी आपल्याकडे मागायला काय आल्या होत्या?"

"मुलगा परत हवा होता त्यांना."

"असं त्या म्हणाल्या?"

मी सगळं आठवून बघितलं. शिमगा, पालखी, महेश, मालक... "तर मी काय म्हणत्ये, बाय..." त्याच्या पुढचं काही आठवेना. आठवणार कुठून? पुढचं मी बोलूच दिलं नव्हतं!

"उद्या त्यांच्या घरी जा," ताई म्हणाल्या. "आणि हे बघ, तिकडे बोलू नकोस. ऐकून ये."

दुसऱ्या दिवशी नानांना स्कूटीवर मागे बसवून मी निघाले. वाटभर नाना "हळू गो, हळू गो" करत होते. पाली सोडून आत वळलो तसे मोबाइलचे दांडे एकेक करत गळायला लागले आणि वाडीच्या पाणंदीत शिरलो तेव्हा फोन नुसता आरशासारखा. तोंड बघा आणि ठेवून द्या.

काकी खळं सारवत होत्या. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. शेणाच्या हाताने त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले आणि आम्हाला बघून हसल्या.

"आलीस गो बाय! बस. अगो, यस्टीचा कंडक्टर काय सांगत होता? तुमच्या पोराला पकडलंय म्हणे! मी म्हटलं, कुठला हो, परवा तर माझ्याशी बोलला, तिकडं बांगडो महाग झाला म्हणून."

म्हणजे जिल्हाभर बासरी वाजली, आणि ज्यांच्यासाठी वाजवली त्यांना पत्ताच नव्हता!

मी तोंड घट्ट मिटून पायरीवर बसले. काकींनी हात धुतले. पाणी दिलं. माझं आजोळ पुन्हा एकदा विचारलं. मी सांगितलं. विहिरीला पाणी किती, तेही सांगितलं. नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखादं नापास पोर पहिल्यांदाच गृहपाठ करून आलंय.

मग मी विचारलं, "काकी, त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"ते होय!" काकी लाजल्या. "अगो, महेशशी बोलायचं तर मला वर सड्यावर जायला लागतं." त्यांनी घरामागच्या चढाकडे बोट केलं. वर नुसतं कातळाचं उघडं माळरान. "तितं रेंज येते. दर रविवारी जात्ये. ते काय नाय, गुडघे चांगले हायत माझे. पण शिमग्याला पालखी काय सड्यावर येत नाय ना? पालखी दारात येते. आणि दारात रेंज नाय."

मी सड्याकडे बघितलं, मग दाराकडे. 

"तर म्हटलं, ताईंना सांगून वाडीत टावर होतो काय बघावं. म्हणजे पालखी आली की त्याला फोनमधून दाखवत्ये. एवढंच सांगायला आल्ये होत्ये."

एक टॉवर! त्या माउलीला एक मोबाइलचा टॉवर हवा होता, आणि मी लोकसभा हलवली!

न राहवून मी विचारलं, "पण काकी, मालक सोडत नाही हे..."

"खोटं हाय ते. मला काय कळत नाय? पोटचा हाय माझ्या." त्या दाराच्या चौकटीकडे बघत होत्या. "पालखी आली की त्याचा बापूस तितं हुभा ऱ्हायचा. उंबऱ्यात. पालखी खांद्यावर घेऊन आत आणायचा. आता तितं महेशला हुभं ऱ्हायला लागेल. पयल्या वर्षी म्हणाला, आये, माझ्याच्यान नाय होणार. रडला फोनवर. मंग दुसऱ्या वर्षी मालकाचं नाव सांगायला लागला. मी पण वाडीत तेच सांगत्ये. काय सांगू दुसरं? एवढा बाप्या दाराला घाबरतो म्हणून?"

नाना एकदम उठून खळ्याच्या कडेला माडाजवळ जाऊन उभे राहिले. पुन्हा सर्दी!

"म्हटलं, फोनमधून बघेल लांबून," काकी म्हणाल्या. "एक वर्ष बघेल, दोन वर्षं बघेल. मंग धीर झाला की येईल आपला आपण."

आणि मी? मी त्या माणसाला झाऱ्यासकट उचलून विमानात घातलं होतं!

"काकी," मी म्हटलं, "तो येतोय. परवा. मी... माझ्यामुळे... त्याला जबरदस्तीने..." आणि मी सगळं ओकले. मालकाचं रडणं, बासरी, आठवीतला फोटो, सगळं. आता ही बाई मला एक ठेवून देणार अशी माझी खात्री होती.

काकींनी बोटांवर वार मोजले. मग म्हणाल्या, "परवा म्हणजे गुरुवारी?"

"हो."

"मंग खाडीत तिसरे मिळतायत काय बघत्ये. त्याला तिसऱ्यांचं सुकं आवडतं." आणि घाईघाईने उरलेलं खळं सारवायला बसल्या. पण हात थांबत होता मध्ये मध्ये, मी बघितलं.

शिमग्याला पालखी त्यांच्या दारात यायची त्या दिवशी मी आणि नाना हजर. टॉवरची मागणी ताईंकडून कधीच पुढे गेली होती, पण टॉवर काही एका रात्रीत उगवत नाही. आणि महेश तर आलेला होता. वाडीने त्याला हार घालून, ढोल वाजवून उतरवून घेतलं होतं म्हणे. एक काका सारखे त्याची मनगटं चाचपून बेड्यांचे वण शोधत होते. आणि त्याने, बघा हं, एका शब्दाने कुणाला खरं सांगितलं नव्हतं. आईने वाडीत इतकी वर्षं जे सांगितलं, ते तसंच ठेवलं होतं. माझ्याकडे मात्र असा बघत होता की झारा हातात असता तर माझं काही खरं नव्हतं.

ढोल जवळ आले. पालखी पाणंदीतून वर आली, गुलालाने माखलेली, लोकांच्या खांद्यावर डुलणारी. खळ्याच्या तोंडाशी थांबली. आता घरधन्याने पुढे व्हायचं.

आणि महेश गायब!

आत गेला होता. मागच्या पडवीत कुठेतरी. ढोल वाजतायत, पालखी थांबलीय, सगळी वाडी दाराकडे बघतेय आणि दार रिकामं. मला राहवेना. मी उठले. जाते आणि हाताला धरून आणते त्याला! पहिलं पाऊल टाकलं आणि कुणीतरी मागून माझी ओढणी घट्ट पकडली.

नाना. नुसती धरून ठेवली.

मग माझं काकींकडे लक्ष गेलं. त्या दारातच होत्या, पण एका बाजूला, चौकटीला पाठ लावून. उंबऱ्याची मधली जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. हाक मारत नव्हत्या. मागे वळूनही बघत नव्हत्या. हातात ओटीचं ताट धरून पालखीकडे बघत नुसत्या उभ्या होत्या. जणू कुणाला काही उशीर झालेलाच नाही.

ढोलवाल्यांनी आणखी एक फेर वाजवला. कुणी घाई केली नाही. अख्ख्या वाडीत घाई फक्त मला होती.

आणि मग तो आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, डोळे लालबुंद. उंबऱ्यात, त्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला. एक क्षण चौकटीला हात लावला. मग पायऱ्या उतरून गेला आणि पालखीखाली खांदा दिला.

काकींच्या ताटातला नारळ घरंगळता घरंगळता राहिला.

मी रडले का? रडले. भोकाड पसरून रडले. सर्दी होती मला.

पालखी दारात टेकली, ओटी भरली, आणि गाऱ्हाणं घालायला तात्या पुढे झाले. तात्या म्हणजे गावचे मानकरी, पालखीबरोबर घरोघर तेच देवाला साकडं घालतात. ते एकेक मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्याला सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तात्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरचा लेक लांबून आलाय, त्याची पाठराखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या आयेला सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग तात्यांची नजर माझ्यावर आली. काकी त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. तात्यांनी मान डोलावली.

"आणि बा देवा म्हाराजा, ही जी रत्नांग्रीची पोर, जिनं दिल्लीपर्यंत जाऊन ह्याला घरी आणला, हिला..."

माझा ऊर असा काही भरून आला म्हणता! देवापुढे, सगळ्या वाडीसमोर माझं नाव! मी हात जोडले, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले,

"व्हय म्हाराजा!"

एकटीच.

डोळे उघडले. ढोल गप्प. वाडी गप्प. पालखीशेजारी उभा असलेला महेश माझ्याकडे बघत होता आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

तात्या शांतपणे म्हणाले, "बाय, मी अजून मागितलंच नाय."

आणि पुन्हा हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं पुरं केलं. "हिला, समोरच्याचं बोलणं संपेस्तोवर दम धरायची बुद्धी दे रे म्हाराजा!"

काय सांगू तुम्हाला, सड्याच्या पलीकडे ऐकू गेलं असेल. अख्खी वाडी, महेश, काकी आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत आमचे नाना,

"व्हय म्हाराजा!"